आईची पहिली नोकरी

प्रिय मिठू,

सकाळी उठल्या उठल्या अजून मळमळतं का ग? काहीतरी कोरडं खायला उशाशी ठेवून झोपत जा, आणि डोळे उघडले की लगेच उठू नकोस. हे मी फोनवर सांगितलंय, तरी पुन्हा लिहिते, कारण फोनवर तू 'हो हो' म्हणतेस आणि करत नाहीस. परवा तू मला एक गोष्ट विचारलीस आणि मी 'दारावर कुणीतरी आलंय' म्हणून फोन ठेवून दिला. दारावर कुणी नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीत दारावर येऊन येऊन येणार कोण? आली तर माझी खोलीसोबतीण येते, आणि ती दार वाजवत नाही, आपटते. म्हणून तर सगळे तिला वादळ म्हणतात. तेव्हा आज निवांत बसून लिहिते आहे. पाठीमागे उशी घे आणि वाच, पत्र जरा लांबणार आहे.

काल माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्या मला 'अहो जाहो' करत होत्या आणि मी त्यांना 'मॅडम, मॅडम'. शेवटी दोघींनाही हसू आलं. परीक्षा बरी झाली. आता निकालापर्यंत मी ना विद्यार्थिनी ना आणखी कुणी. खाटेखाली दोन खोकी भरून ठेवली आहेत, पण भिंतीवरचा मेंदूचा तक्ता अजून काढवत नाही. त्यावर वादळने माझ्यासाठी रंगीत पेनाने खुणा करून दिल्या होत्या : शब्द इथे कळतात, इथे सापडतात, इथून तोंडापर्यंत येतात. खिडकीतून ग्रंथालयाची मागची बाजू दिसते. तिथे सायकली लावतात, आणि प्रेमात पडलेली मुलं आपल्याला कुणीच बघत नाही असं समजून उभी असतात. हॉस्टेलच्या अख्ख्या बाजूला त्यांची सगळी भांडणं पाठ आहेत.

तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस, म्हणून तुला सगळं माहीत नाही. हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते. तुझ्या आजोबांनी जन्मात कधी कुणाला 'तुझं बरोबर आहे' म्हटलं नव्हतं. पेपरातली बातमी असो, डॉक्टरचं निदान असो की माझं भाजी चिरणं, त्यांना त्यात चूक सापडायचीच. त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर वाचा गेली. राहिला तो एकच शब्द : 'बरोबर'. तहान लागली की 'बरोबर'. पाठ दुखली की 'बरोबर'. तुझ्या बाबांवर संतापले की लालबुंद होऊन 'बरोबर! बरोबर!' तुझी आत्या हसता हसता रडायची. म्हणायची, "आयुष्यभर जे म्हटलं नाही ते आता म्हणून घेतायत." मला मात्र त्यांचे डोळे दिसायचे. आत सगळं जागच्या जागी होतं ग. माणूस पूर्ण शाबूत, फक्त दार आतून अडकलेलं.

वाचा-उपचारासाठी एक किरकोळ अंगाची मुलगी घरी यायची. ती शिकवायची, मी शेजारी बसून बघायचे आणि ती गेली की आजोबांकडून तेच करून घ्यायचे. चित्रं दाखवायची, शब्दाचा पहिला आवाज आपण काढायचा, पुढचा त्यांनी. कितीतरी दिवस काहीच नाही. मग एकदा मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "थंड." एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. पुढे दोन-तीन शब्दांची वाक्यं आली, आणि आल्याबरोबर त्यांनी माझ्या आमटीत मीठ कमी असल्याचंही सांगून टाकलं. मला इतका आनंद झाला की मी मीठ घातलंच नाही, त्यांनी पुन्हा बोलावं म्हणून.

ते गेले आणि माझी दुपार रिकामी पडली. चार वाजले की मी अजून त्यांच्या खोलीकडे वळायचे. ती मुलगी भेटायला आली तेव्हा सहज म्हणाली, "काकू, तुम्ही हे रीतसर शिकत का नाही? तुमच्या हाताला गुण आहे." लग्नाआधीची माझी मानसशास्त्राची पदवी कुठल्यातरी ट्रंकेत होती. मी हसण्यावारी नेलं. तुझ्या बाबांनी नाही नेलं. दुसऱ्या दिवशी गाडी पकडून ते इथे विद्यापीठात आले, चौकशी केली, प्रवेशपरीक्षेची पुस्तकं घेऊन परतले आणि ती माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "झेपलं नाही तर रद्दीत घालू." तुला फोन केला तर तू म्हणालीस, "मस्तच की, आई! तुझा वेळ छान जाईल." मला तेव्हा त्यात काही खुपलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

पहिल्या दिवशी मी आणि बाबा बॅगा घेऊन हॉस्टेलच्या दारात उभे राहिलो, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "पालकांनी पाचच्या आत बाहेर पडायचं. मुलगी कुठे आहे?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या बाईंनी एकदा मला पाहिलं, एकदा आपल्या कागदाकडे पाहिलं, आणि जिन्याकडे हात केला. खोलीत वादळ आधीच आपलं सामान उधळून बसली होती. एका आईबरोबर दोन वर्षं राहायचंय म्हटल्यावर पोरीचा चेहरा असा पडला! आठवडाभर ती माझ्यासमोर सिगरेटचं पाकीट लपवत होती आणि मी तिच्यासमोर गुडघ्याची गोळी लपवत होते. मग एका रविवारी दोघींनी एकमेकींना पकडलं. तेव्हापासून आमचं जमलं. तिची सिगरेट सुटली. माझी गोळी चालूच आहे.

वर्गात मी आधी 'मॅम' होते, मग 'मावशी' झाले. एक मुलगा होता, शिक्षकांनी आज सोमवार आहे म्हटलं तरी पुरावा मागणारा. त्याला आम्ही वकील म्हणायचो. प्रॅक्टिकलला माझी जोडी त्याच्याशीच. वाचेबरोबर श्रवणही शिकायचं होतं, तेव्हा कानात यंत्र घालून बघायला आम्हाला एकमेकांचे कान मिळाले. त्याने माझ्या कानाची परीक्षा घेतली आणि खो खो हसत सुटला : "मावशी, वरच्या पट्टीतलं तुम्हाला ऐकू येत नाही. वादळ किंचाळते तेव्हा तुम्ही शांत कशा असता ते आज कळलं!"

पण सगळं हसण्यासारखं नव्हतं. पहिल्या सहामाहीत मी ध्वनिशास्त्रात नापास झाले. लहरी, कंप्रता, आलेख... कुणीतरी परक्या मुलखात सोडून दिल्यासारखं वाटायचं. निकालाच्या फलकावर माझं नाव नव्हतं आणि समोर गर्दी केलेल्या पोरांनी माझ्याकडे न बघण्याचा जो प्रयत्न केला तो मला जास्त लागला. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तुला कळवलं नाही. तुझं तेव्हा प्रमोशनचं चाललं होतं. बाबांना फोन केला, म्हटलं, मी घरी येते. ते म्हणाले, "नापास झालीस म्हणून येणार असशील तर येऊ नकोस. मी आत्ताच कुठे स्वयंपाकघर माझ्या मनासारखं लावलंय." मला राग आला, मग हसू आलं, आणि मी राहिले. वादळने रोज संध्याकाळी मला शिकवलं. दोन खाटांच्या मधे दोरी ताणून, ती हलवून लहरी दाखवल्या. दुसऱ्या खेपेला मी पास झाले. फार चांगले गुण नव्हते, पण पास.

दुसऱ्या वर्षी आम्हाला विद्यापीठाच्या उपचार केंद्रात रुग्ण मिळाले. माझ्या वाट्याला एक बसचालक आले, जन्मभर एकाच मार्गावर बस चालवलेले. आजोबांसारखाच झटका. त्यांच्याकडे तर एकही शब्द नव्हता. बायको शेजारी बसायची. तिचं नाव त्यांना घेता येत नव्हतं आणि ती दर वेळी हसून म्हणायची, "असू दे, मला माहीत आहे माझं नाव." मी सगळे उपाय केले. चित्रं झाली, अक्षरं झाली. ते डोळे मिटून मान हलवायचे. तिथे आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "जे शब्द माणूस विचार न करता बोलतो ते कधीकधी झटक्यानंतरही शिल्लक असतात. आकडे, वार, गाणी. शोधत राहा." आकडे आले नाहीत, वार आले नाहीत. गाण्याचा त्यांना आधीपासूनच कंटाळा. एक दिवस त्यांची बायको बोलता बोलता म्हणाली, की हे झोपेतसुद्धा थांब्यांची नावं पुटपुटायचे. मी आणि मॅडमनी एकमेकींकडे पाहिलं. मी खुर्ची फिरवून त्यांच्या पाठीमागे बसले, उतारू बसतो तशी, आणि त्यांच्या मार्गावरच्या पहिल्या थांब्याचं नाव मोठ्याने घेतलं. मग त्यांचा डावा हात चाक धरल्यासारखा वर आला आणि दुसरा थांबा आला. तिसरा आला. बाजार, दवाखाना, पूल, शाळा, एकामागून एक, अगदी डेपोपर्यंत. जड जिभेने, पण एकही न चुकता. बायकोने तोंडाला पदर लावला होता. डेपो आला तसे ते थांबले, मागे वळले आणि आम्हा सगळ्यांकडे असे बघू लागले, जणू आता उतरा म्हणतायत.

तिथून आम्ही कामाला लागलो. 'बाजार' आला तर 'बाजारात काय आणायचं?', 'शाळा' आली तर 'शाळेत कोण जातं?' एकेका थांब्यावरून एकेक वाक्य. आता ते नातवाला रागावू शकतात. बायकोचं नावही आलं, पण अचानक आणि भलत्याच वेळी. चप्पल सापडेना म्हणून ओरडले तेव्हा! तिने मला फोन करून सांगितलं. म्हणाली, "बाई, पंचेचाळीस वर्षांत इतकं गोड कधी ओरडले नव्हते."

मग आला नोकऱ्यांचा मोसम. आवारात सगळीकडे इस्त्रीचे कपडे दिसायला लागले. कॅन्टीनमधल्या गप्पा बदलल्या. कोण कुठे अर्ज करतंय, कोणाला कुठून बोलावणं आलं, कोण कुणापासून लपवतंय. वकिलाला एका कंपनीने घेतलं. यंत्रांना माणसाचं बोलणं समजावून द्यायचं काम आहे म्हणे. आता तो यंत्राकडून पुरावे मागेल. वादळला कानाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने भरपूर पगार देऊ केला आणि त्याच आठवड्यात दूरच्या एका विद्यापीठात तान्ह्या बाळांच्या श्रवणावर संशोधन करायची जागा मिळाली. पोर चार दिवस जेवली नाही. तिची आई पगाराच्या बाजूने, ती संशोधनाच्या. मला विचारलं, "मावशी, तुम्ही माझ्या आई असतात तर काय सांगितलं असतं?" मी म्हटलं, "आई असते तर पगार घे म्हटलं असतं. आई नाहीये, म्हणून विचारते, सकाळी उठून कुठे जावंसं वाटतं?" तिने संशोधन घेतलं. तिची आई माझ्यावर थोडी नाराज आहे. तिलाही एक पत्र लिहायचंय.

मीही अर्ज केले. हे तुला सांगितलं नाही, कारण मिळेल असं मलाच वाटत नव्हतं. विद्यापीठाच्या नोकरी कक्षात एक टायवाले सर आमच्याकडून मुलाखतीचा सराव करून घ्यायचे. त्यांनी विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" मी म्हटलं, "सर, पाच वर्षांनी माझ्या वयाचे लोक निवृत्तीकडे डोळे लावून बसलेले असतील आणि मला पाच वर्षांचा अनुभव असेल." पोरांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या मुलाखतीत कुणी वाजवत नाही. दोन खासगी दवाखान्यांनी अगदी गोड बोलून परत पाठवलं. एकाने सरळ विचारलं, "पदवीनंतर एवढी वर्षं तुम्ही काय केलंत?" घर सांभाळलं म्हणावं तर ते त्या टेबलावर ठेवायची वस्तू वाटेना. मी 'काही विशेष नाही' म्हणाले आणि बाहेर आल्यावर स्वतःचाच राग आला.

मग एका सरकारी रुग्णालयातून बोलावणं आलं. छोटं गाव, आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. या वेळी मी सांगितलं. आजोबांचा 'बरोबर' सांगितला, थंड पाणी सांगितलं, मीठही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे झटक्यातून वाचलेली माणसं घरी जातात आणि आयुष्यभर गप्प बसतात. उपचाराला मोठ्या शहरात जा म्हणतो आम्ही. कुणी जात नाही. मला इथेच हा विभाग सुरू करायचाय. खोली तयार आहे, माणूस नाही. कराल?" खोली दाखवायला स्वतः घेऊन गेल्या. पूर्वेला खिडकी, टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. भिंती कोऱ्या. नेमणूक हातात पडली तेव्हा मी स्टेशनवरच्या बाकावर बसून दोनदा वाचली. बावन्नाव्या वर्षी पहिली नोकरी! वादळने अख्ख्या मजल्याला ओरडून सांगितलं, आणि वरच्या पट्टीतलं असूनही मला ते ऐकू आलं.

त्या शनिवारी घरी गेले, बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा फुलला, पण पुढच्याच क्षणी ते म्हणाले, "आणि मिठू?" परवा मला विचारलंस ते तू त्यांच्याशी आधीच बोलली होतीस तर. ते उठले, गॅस पुसला, मग पुन्हा एकदा पुसला. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "मी जातो तिच्याकडे." मी म्हटलं, "तुम्हाला बाळाचं काय येतं?" तर म्हणाले, "मिठूच्या वेळी धरणाचं काम होतं. मी रविवारी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची, आणि मला बघून रडायची. या वेळी मला कुठे जायचं नाही." नंतर शेजारच्या सूनबाईंकडून कळलं, की महिनाभर ते रोज सकाळी तिचं तान्हं आपल्याकडे घेऊन येतायत. लंगोट बदलतात, आंघोळीनंतर खांद्यावर घेऊन अंगणात फिरवतात. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला माणूस, बाळाच्या दुधाचंही वेळापत्रक केलंय म्हणे, आणि ते बाळ बिचारं ते पाळतंही. सूनबाई म्हणाल्या, "काकांच्या खांद्यावर तो जितका झोपतो तितका माझ्याही नाही."

आता तू विचारलंस त्याबद्दल. तू म्हणालीस, "आई, तुझी परीक्षा झाली की तू मोकळीच आहेस, वर्षभर माझ्याकडे ये, म्हणजे मला बाळाच्या तिसऱ्या महिन्यात कामावर जाता येईल." तुझं काम तुला किती प्रिय आहे ते मला माहीत आहे, ते सोडावं लागू नये असंच मलाही वाटतं. पण मी मोकळी नाहीये, बाळा. मी वर्षभर येऊ शकणार नाही. डॉक्टरीणबाईंशी बोलून मी रुजू होण्याची तारीख पुढे घेतली आहे. बाळ येईल तेव्हा मी तुझ्या उशाशी असेन, आणि पुढचा महिनाभर तुला अंथरुणातून उठू देणार नाही. त्यानंतर मी माझ्या कामावर जाईन आणि बाबा तुझ्याकडे राहतील, तुला हवे तितके दिवस. जावईबापूंना सांग, त्यांनी स्वयंपाकघरातल्या वस्तू हलवायच्या नाहीत, बाबांना चालत नाही. तुला वाईट वाटेल. कदाचित रागही येईल, येऊ दे, तुझा हक्क आहे. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच, की तुला मी जन्मात कधी 'नाही' म्हटलेलं नाही आणि फोनवर ते मला जमलं नसतं. दोन वर्षं लोकांना बोलतं करायला शिकले, तरी हा एक शब्द तुझ्यासमोर माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून एवढं कर, रागावलीस तरी उत्तर लिहूनच पाठव. तुझा आवाज ऐकला तर मी 'बरं, येते' म्हणून बसेन, आणि त्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहतील.

तुझीच,
आई